बुटांकडे बघणारे

४ मार्च, मंगळवार

घोर अन्याय! बायकोने माझ्या सगळ्या रेकॉर्डी रंगांप्रमाणे लावून ठेवल्या. दवाखान्याला सुट्टी, दात उपटायला कोणी हाताशी नाही, मग माझं कपाट उपटलं. जाब विचारला तर म्हणते, "वर्णानुक्रमेच लावल्यात की!" संस्कृत मी शिकवायचं आणि कोट्या हिने करायच्या.

बरं, रंग तरी वेगवेगळे हवेत! आमच्या शूगेझ पंथातली निम्मी मुखपृष्ठं एकाच रंगाची – पाण्यात विरघळलेल्या गुलाबी साबणाच्या. सबंध खण लाजल्यासारखा दिसतोय.

ही गंमत लेकीला, चिमीला सांगायला गेलो. ती हेडफोन लावून भिंतीकडे तोंड करून पडलेली. मागे न वळता एक हात वर केला. आशीर्वाद की 'जा आता', ते कळलं नाही.

५ मार्च

व्याकरणाच्या सरांनी स्टाफरूममध्ये विचारलं, "हे तुमचं शूगेझ म्हणजे असतं तरी काय हो?" म्हटलं, गिटारींचा असा गदारोळ करायचा, की गाणारा आत कुठेतरी विरून जावा. शब्द कळता कामा नयेत. आणि वाजवणाऱ्यांनी प्रेक्षकांकडे ढुंकूनही बघायचं नाही, मान खाली, नजर बुटांवर. योग्यांची नासाग्रदृष्टी, तशी आमची पादाग्रदृष्टी.

"आणि यात आनंद कशाचा?"

करुण रसात जो असतो तोच, म्हटलं. सरांनी चहात बिस्किट बुडवलं. ते तुटून पडलं. विषय संपला.

७ मार्च, शुक्रवार

बायको जेवताना हळूच म्हणाली, "काहीतरी बिघडलंय हिचं."

चिमी हिवाळ्यात हॉस्टेलवरून घरी आली ती राहिलीच. आर्किटेक्चरचं तिसरं वर्ष. "एक सत्र थांबते," म्हणाली, आम्ही हो म्हटलं. हुशार मुली थांबतात, पुन्हा सुरू करतात. पण ताट अर्धं ठेवते. केस धुवायला सांगावं लागतं. दुपार झाली तरी खोलीचे पडदे उघडत नाही.

मी म्हटलं, "अगं, त्या वयात मीही असाच होतो. काळं जाकीट घालून कोपऱ्यात."

"तुम्ही कोपऱ्यातून दर अर्ध्या तासाला खायला मागायचात. तुमच्या आईंनी सांगितलंय मला."

मी आणखी एक पोळी मागितली.

पण खरं लिहायचं तर मला तिचा जरा अभिमानच वाटतो. इतर मुलं कानात काय काय कोंबून हिंडतात! माझी पोर माझे जुने, जाड, वायरवाले हेडफोन लावून तासन् तास ऐकते. मी तिला बाराव्या वर्षी पहिली रेकॉर्ड ऐकवली तेव्हा डोळे मिटून म्हणाली होती, "बाबा, हे ब्लँकेटच्या आतून ऐकल्यासारखं आहे." त्या दिवशी मी कृतार्थ झालो. तर ती दुःखी गाणी ऐकतेय. ऐकू दे.

तरी झोप नीट लागली नाही. बायको असं उगाच बोलत नाही.

९ मार्च, रविवार

खरखऱ्याचा फोन. (कॉलेजातला मित्र. आता जुने अ‍ॅम्प्लिफायर दुरुस्त करतो. त्याच्या टेपरेकॉर्डरमधून गाण्यापेक्षा खरखर जास्त यायची, तेव्हापासूनचं नाव. मला या नादाला त्यानेच लावलं.) ओरडतच होता – "धुकेवाले येतायत! आपल्या गावात! शनिवारी!"

धुकेवाले हे आमचं लाडकं इंग्रज टोळकं. खरं नाव वेगळं, पण स्टेजवर इतका धूर सोडतात की माणसं दिसत नाहीत. एकमेकांशी भांडून फुटले, आता गुडघे दुखायला लागल्यावर परत एकत्र आलेत.

तीन तिकिटं घ्यायला सांगितलं.

"वहिनी येणारेत?" तो घाबरून.

"नाही रे, चिमी."

"पोरगी तुझ्यावर गेलीय बघ," म्हणाला. मी हसलो. एरवी हे वाक्य ऐकून छाती फुगते. आज विषय बदलून तिकिटांचे पैसे विचारले.

१० मार्च

चिमीला तिकिटाचं सांगितलं. उडी मारेल असं वाटलं होतं.

"बघू."

"बघू काय! धुकेवाले आहेत!"

"येते, बाबा." – जशी आपण शेजाऱ्यांच्या मुंजीला 'येतो' म्हणतो, तशी.

१३ मार्च

ताईचा फोन. माझी मोठी बहीण. तिच्याकडे सगळ्यावर औषध असतं आणि ते दर वेळी एकच असतं. "तिला जरा घराबाहेर काढ. आणि ते रडके इंग्रज बंद कर आधी! घरात चोवीस तास सुतक असल्यासारखं. पोर खचणार नाही तर काय?"

चिडून म्हटलं, तुला त्यातलं काही कळत नाही. फोन ठेवला आणि दिवसभर तेच वाक्य डोक्यात. पोराबाळांना लोक घर देतात, सोनं देतात. मी हे दिलं. यातूनच काही लागलं असेल तिला?

नाही. मी वर्गात दर वर्षी शिकवतो – शोक वेगळा, करुण वेगळा. शोक माणसाला बुडवतो. त्याचा रस झाला की माणूस त्यात पोहतो. ती पोहतेय. ब्लँकेटच्या आत सुरक्षित आहे.

(हे स्वतःलाच पटवायला दोन परिच्छेद लागावेत!)

१६ मार्च, रविवार

कालचं लिहितो. हॉलमध्ये सगळी आमच्याच वयाची मंडळी. काळे टी-शर्ट, खाली नांदती पोटं. कानात बोळे. माझ्या पुढचा एक टकल्या पहिल्या सुरालाच रडायला लागला. खरखऱ्या म्हणाला, "अजून तार जुळवतायत रे, थांब की!"

मग सुरू झालं. छातीची फळी हलते असा आवाज! त्या गदारोळाच्या तळाशी ते इवलंसं गाणं – तळ्यात पडलेल्या दिव्यासारखं. मी वीस वर्षांचा झालो. गुडघेसुद्धा दुखायचे थांबले.

शेवटी त्यांनी एकच स्वर धरला आणि सोडलाच नाही. लोक डोळे मिटून उभे. मी चिमीकडे पाहिलं. मान खाली. नजर बुटांवर. जराही हलत नव्हती. मला भरून आलं. म्हटलं, पाहा, बायकोबाई, पाहा, ताई! ही आमच्या पंथाची खरी भक्त!

घरी आल्यावर चिमीला तिच्या आईने विचारलं, "कसं झालं?"

"छान."

बायकोचे रोगी दाढ काढून झाल्यावर म्हणतात, तसं.

१९ मार्च, बुधवार

एक गोष्ट खटकतेय.

दुपारी तिच्या दारावरून जात होतो. हेडफोन लावून पडलेली. माझ्या हातात चहाचा कप होता, मी आपलं पुटपुटलो, "चिमे, चहा घेतेस?" तिला ऐकू जाईल या अपेक्षेने नव्हे. सवयीने.

"नको," ती म्हणाली. लगेच.

ते हेडफोन मी ओळखतो. त्यात आमची गाणी लागली की दाराशी बँड वाजला तरी कळत नाही. याच कारणाने बायकोने मला किती वेळा शिव्या घातल्यात.

हळू लावलं असेल. पण ही गाणी हळू कोण ऐकतं?

२० मार्च

आज पाहिलं. तिला डुलकी लागली होती. पांघरूण घालायला गेलो. वायर उशीवरून खाली लोंबत होती, टोक फरशीवर. कशालाही जोडलेलं नव्हतं.

तिथेच खाली बसलो. ती जागी झाली. मी वायरचं टोक हातात धरून. चोरी कोणाची पकडली गेली, तिची की माझी, कळेना.

"कधीपासून?"

"माहीत नाही. थंडीत कधीतरी."

"बंद का केलंस?"

"बंद नाही केलं, बाबा. लावून बघते ना. काहीच होत नाही. सगळं सारखंच वाटतं. फ्रिजचा आवाज येतो ना, तसं."

"आणि शनिवारी?"

"शनिवारी पण."

"मग हे कानावर कशाला?"

तिने हेडफोन काढून उशीवर ठेवले. मग म्हणाली, "हे लावलं की आई प्रश्न विचारत नाही. आणि तू..."

"मी काय?"

"तू खूश होतोस. दारातून बघतोस आणि खूश होऊन जातोस."

मी तिच्या डोक्यावर हात ठेवला. तिने ठेवू दिला. बायको दारात येऊन उभी होती.  तिने मला चार शब्द सुनावले असते तर बरं झालं असतं.

मी करुण-करुण करत बसलो. इथे शोकसुद्धा नव्हता. तिथे काहीच नव्हतं, आणि मी बाहेर उभा राहून दाद देत होतो.

२१ मार्च

बायकोने तिच्या ओळखीच्या मानसोपचारतज्ज्ञ बाईंची उद्याची वेळ घेतली. चिमी 'हो' म्हणाली. 'बघू' नाही – 'हो'. मी त्या एका शब्दाला धरून दिवसभर बसलोय.

२२ मार्च, शनिवार

डॉक्टरबाई तिच्याशी एकटीशी बोलल्या, पुष्कळ वेळ. मग आम्हा दोघांना आत बोलावलं. चिमीसमोरच, तिला विचारून, म्हणाल्या, "घरातली सगळी औषधं कुलपात ठेवा. आजच. आणि रात्री तिच्या खोलीत कोणीतरी झोपा."

येताना कुलूप घेतलं.  बायकोने गाडीत मागच्या सीटवर चिमीचा हात धरला होता.

ही पोर हातची जाईल, अशी मला भीती वाटते.