बेळ्ळक्की म्हणजे तांदूळ नव्हे, याची दप्तरी नोंद होणेबाबत

प्रति,
अव्वल तालुकदार साहेब,
जिल्हा कचेरी.

अर्जदार: महानंदा, कै. गुरुशांतप्पा कलशेट्टी यांची कन्या, राहणार अफजलपूर.

विषय: जप्त केलेल्या फोटोच्या काचा परत मिळणे व मयत वडिलांच्या नावापुढील 'तांदूळचोर' हा शेरा खोडणेबाबत.

संदर्भ: १) भीमेच्या घाटावरील धान्य-लेव्ही चौकीचा पंचनामा, ता. ८ बहमन १३५४ फसली. २) आपल्या कचेरीची नोटीस, ता. २ फरवर्दी.

महोदय,

१. ता. ७ बहमन हा आमच्या घरचा शेवटचा साधा दिवस. माझे वडील, अप्पा, पहाटे भीमेत गुडघाभर पाण्यात कॅमेरा लावून उभे होते. लग्नाचे फोटो काढणे हा त्यांचा धंदा आणि नदीतल्या बगळ्यांचे फोटो काढणे हे वेड. पांढऱ्या पाखराचा फोटो अवघड असतो. ऊन चढले की काचेवर नुसता पांढरा डाग उमटतो, पीस दिसत नाही. कोवळ्या उन्हातली ती घटका साधावी म्हणून त्यांनी तीन हिवाळे पाण्यात काढले. त्या दिवशी घरात पाऊल टाकताच ते म्हणाले, "महानंदा, आज पिसं गावली बघ. काच धुतली की एकेक मोजून घे." आई म्हणाली, "आधी वलं धोतर बदला, मग बसा मोजत."

२. दुसऱ्या दिवशी चौकीच्या जमादारांनी त्यांना नदीतच हटकले. खिशातल्या वहीत आदल्या दिवसाची ओळ होती: "बेळ्ळक्की ४०. भीमेपलीकडून आले. पहाटे उतरले." कन्नडमध्ये बेळ्ळक्की म्हणजे बगळा, हे या तालुक्यात रांगत्या पोरालाही ठाऊक आहे. चौकीच्या कारकुनांना कन्नडचे दोनच शब्द येत होते: बिळी, म्हणजे पांढरा, आणि अक्की, म्हणजे तांदूळ. त्यांनी 'पांढरा तांदूळ' असा तर्जुमा केला व चाळीसच्या पुढे 'पोती' हा शब्द पदरचा घातला. झाले, नदीपलीकडच्या इंग्रजी मुलखातून विनापरवाना धान्य आणल्याचा गुन्हा उभा राहिला. अप्पा सांगत होते की ही पाखरे आहेत. जमादार म्हणाले, "मास्तर, पाखरं कुणी मोजतंय व्हय? मोजायचं ते पोत्यात असतंय."

३. पंचनाम्यात कॅमेऱ्याची तिपाई 'काटा टांगण्याची घोडी' म्हणून व काळे फडके 'माल झाकण्याचे कापड' म्हणून दाखल आहे. पेटीत काय आहे ते पाहण्यासाठी, आदल्या दिवशीच्या धुवायच्या राहिलेल्या काचेसह, सहाही काचा उन्हात उघडून धरल्या. न धुतलेल्या काचेला ऊन लागले की तिच्यातले चित्र मरते. अप्पांनी आरडाओरडा केला नाही. एवढेच म्हणाले, "साहेब, पिसं गेली." हे वाक्य त्यांचा कबुलीजबाब म्हणून असे नोंदवले आहे: "माल गेला."

४. मग आमच्या न्हाणीची फरशी उखडली. तांदूळ सापडला नाही, त्यावरून तो फार हुशारीने लपवला आहे असे ठरले. अप्पांना नऊ दिवस चौकीच्या उघड्या ओसरीत, थंडीत, एका पंच्यावर ठेवले. छातीत कफ घेऊन ते १७ तारखेला घरी आले आणि २१ ला वारले. त्यानंतर दीडेक महिन्याने आपली नोटीस आली, तीही त्यांच्याच नावे: चाळीस पोत्यांसह जातीने हजर व्हावे, म्हणजे सामान परत मिळेल. महोदय, पोती नव्हतीच, आणि ज्यांना हजर व्हायला सांगितले आहे त्यांना आम्ही मातीत ठेवले आहे. तो मुद्देमाल मात्र अजून रोज सकाळी चौकीसमोर पाण्यात उतरतो. जप्ती करावयाची असल्यास माणसे पाठवावीत. गुडघाभरच पाणी आहे.

५. सबब, शेरा खोडावा व काचा द्याव्यात. त्या काळ्या पडल्या असतील. तशाच द्याव्यात. त्यांतली पिसे असलेली कोणती, हे आता कोणालाच सांगता येणार नाही, म्हणून सहाही द्याव्यात. नियमाप्रमाणे उर्दू तर्जुमा जोडला आहे. परंतु या प्रकरणात तर्जुम्यानेच माणूस मारला असल्याने मूळ मराठी प्रतच खरी मानावी.

६. शेवटची बाब मी आईलाही सांगितलेली नाही. वही अप्पांची होती. ते सांगत आणि मी लिहीत असे. ते बेळ्ळक्की म्हणत, मी बगळे लिही. चार पुस्तके वाचल्याचा माझा तोरा. ७ तारखेला ते म्हणाले, "आज तरी माझा शब्द ऱ्हाऊ दे की." मी राहू दिला. चौकीत कारकुनांनी विचारले, अक्षर कोणाचे? अप्पा म्हणाले, "माझंच हाय." मी भाकरीचे गाठोडे घेऊन दारात उभी होते आणि गप्प राहिले. आपण बोलवाल त्या दिवशी भरल्या कचेरीत मोठ्याने म्हणेन, आज लिहून देते: अक्षर माझे आहे. शेरा खोडता येत नसेल, तर त्यातले नाव तरी दुरुस्त करावे.

शेरा खोडला जाईपर्यंतच नम्र,

महानंदा गुरुशांतप्पा कलशेट्टी
अफजलपूर, ता. ११ फरवर्दी १३५४ फसली

सोबत:
१) उर्दू तर्जुमा.
२) आपली नोटीस, न उघडता परत करावयास हवी होती ती.
३) अक्षराचा नमुना वेगळा जोडलेला नाही. वही आपल्याकडे आहे. हा अर्ज तिच्याशेजारी ठेवून पाहावा.