तीन नंबरचं गोदाम

डोंगग्वान, ९ डिसेंबर

प्रिय पेइशान,

दोन वर्षांत मी तुला एक ओळ लिहिली नाही, तुझा फोन आला की आईच्या हातात देऊन गॅलरीत जायचो. म्हणून हे पाकीट पाहून दचकू नकोस. आई बरी आहे. गुडघा दुखतो, तरी सकाळची पेज तीच शिजवते आणि म्हणते, "पोरीला मीठ जास्त लागायचं."

कंपनीला टाळं लागल्याचं तुला कळलंच असेल. स्वस्तातले फोन बनवणारे आम्ही नऊशे जण एका सकाळी फाटकाबाहेर. सोळा वर्षं गोदाम सांभाळलं, आणि शेवटी पहारेकऱ्यानं माझीच पिशवी तपासली.

वर्तमानपत्रात आमच्या कंपनीवर तुझा लेख आला तेव्हा मालकांनी सगळ्यांना खानावळीत बोलावून तो मोठ्यानं वाचून दाखवला होता. एवढे फोन खपतात, तर सुटे भाग देणाऱ्यांचे पैसे आठ महिने का थकलेत, एवढाच तुझा प्रश्न. मालक म्हणाले, "मो, मुलगी तुमचीच ना?" मी उभा राहिलो. म्हणालो, "तिनं गोदाम कधी डोळ्यांनी पाहिलं नाही. खोटं लिहिते ती." टाळ्या पडल्या. त्या मला आवडल्या, हेही सांगून टाकतो.

मग नववर्षाच्या जेवणाला तू आलीस. भांडली नाहीस. फक्त विचारलंस, "बाबा, तीन नंबरच्या गोदामात काय आहे?" आणि मी ओरडलो, "ज्या भातावर वाढलीस, त्यातच माती कालवतेस?" तू भरल्या ताटावरून उठलीस. आई जिन्यापर्यंत तुझ्यामागे धावली. मी मासा संपवला.

पडद्याच्या काचा कापून देणारा लियांग आठवतो? अकरा माणसांचा त्याचा कारखाना. लेख वाचून तो माझ्याकडेच आला होता. "दादा, खरं सांगा, माल देऊ की थांबवू?" मी म्हणालो, "फोन रोज बाहेर जातायत. दे बिनधास्त." त्यानं आणखी दोन महिने काचा उधारीवर दिल्या. गेल्या आठवड्यात त्याची यंत्रं लिलावात गेली. मी तिथे होतो. त्यानं शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं. त्यानं मला सिगारेट दिली आणि म्हणाला, "तुम्हाला तरी काय ठाऊक असणार, दादा."

मला ठाऊक होतं, शान. तीन नंबरमध्ये चाळीस हजार फोन छतापर्यंत रचलेले होते. कागदावर ते विकले गेले होते. जागचा एकही हलला नव्हता. 'माल रवाना' म्हणणाऱ्या प्रत्येक पावतीवर सही माझी. बँकेला आकडे दाखवायचेत, दोन महिन्यांचाच प्रश्न आहे, असं मालक म्हणाले, आणि मी पुढे काही विचारलं नाही.

काल कोर्टानं नेमलेल्या तपासनिसांकडे जाऊन मी सगळं लिहून दिलं. तिथून लियांगच्या घरी गेलो. त्यानं शेवटपर्यंत ऐकून घेतलं आणि दार लावलं. शिक्षा काय होईल, माहीत नाही. सोमवारी जबाब उघड होतील. त्यात मो छीवेन हे माझं नाव तू परक्याच्या तोंडून ऐकू नयेस, म्हणून हे पत्र. बातमी तू लिही किंवा तुझ्या कचेरीतलं दुसरं कुणी लिहो, ते नाव गाळू देऊ नकोस. म्हातारा होता, वरच्यांचं ऐकावं लागलं, असलं काही जोडूही देऊ नकोस. तू खरं लिहिलं होतंस, आणि ते मला त्याच दिवशी, खानावळीत उभा असतानाच माहीत होतं.

तुझाच,
बाबा