नसलेल्या मुलखाचा नकाशा

८ जानेवारी

ती. दादास,
सा. न. वि. वि.

गुडघा कसा आहे? वहिनीकडून कळलं की तू शिडीवर चढून पंखा पुसलास. धन्य आहे तुझी.

माझं प्रदर्शन एक फेब्रुवारीला. मोठं दालन मिळणार म्हणून मी हवेत होते, पण काल व्यवस्थापक बाई चित्रं बघून गेल्या आणि म्हणाल्या, प्रत्येक देखावा सुंदर आहे, पण एकाचा दुसऱ्याशी काही संबंध नाही. वीस तारखेपर्यंत मी तो दाखवला नाही, तर दालन दुसऱ्याला आणि मी जिन्याजवळच्या बोळात. जन्मभर मनातले मुलूख रंगवले, दादा, आणि पहिल्यांदाच मोठी भिंत मिळत होती. रडू येतंय.

सगळ्यांचे फोटो पाठवतेय. नदी चढावर वाहते म्हणून तू हसशील. हस, पण बघ.

तुझी माया आहे तशी असू दे.

बबडी


१३ जानेवारी

चि. बबडीस,
अनेक आशीर्वाद.

गुडघा ठीक, पंखा स्वच्छ, तुझी वहिनी फितूर.

चित्रातलं मला ओ की ठो कळत नाही. पण आयुष्यभर जमिनी मोजल्या, ती खोड जात नाही. नव्या मुलखात गेलं की आम्ही आधी सगळीकडून दिसणारी एक खूण शोधतो. तुझ्या फोटोंत ती सापडली. दात पडल्यासारखी खाच असलेला डोंगर. निळ्या चित्रात खाच डावीकडे, पावसाच्या चित्रात उजवीकडे, म्हणजे तिथे तू डोंगराच्या मागे उभी आहेस. नदीही एकच. ती चढावर वाहत नाही, मागून वळसा घालून येते. माझं हसणं मागे घेतो.

वेडे, इतकी वर्षं तू एकच मुलूख चहूबाजूंनी काढते आहेस आणि तुला पत्ता नाही! नकाशा काढून सोबत ठेवलाय. आकडे घातलेत त्या क्रमाने चित्रं लाव. बघणारा डोंगराला फेरी मारून दारात परत येईल. नदीपलीकडचा तुकडा कोणत्याच चित्रात दिसत नाही, तो कोरा सोडलाय. आणि अख्ख्या मुलखात एक माणूस नाही. वाट विचारायची कोणाला?

जेवणाचं टेबल नकाशाने अडवल्यामुळे आम्ही ताटं मांडीवर घेऊन जेवतो. वहिनीचे आशीर्वाद आणि तक्रार, दोन्ही पोचवतो.

तुझा दादा


३ फेब्रुवारी

ती. दादास,
सा. न. वि. वि.

जिंकलो आपण! बाईंनी नकाशा पाहिला, एकेक चित्र त्याच्याशी ताडून बघितलं आणि कामगारांना सांगितलं की शिडी मोठ्या दालनात न्या. उद्घाटनाला पाय ठेवायला जागा नव्हती. लोक शेवटच्या चित्रापाशी पोचले की वळून पुन्हा पहिल्यापासून निघत. एक आजोबा आणि त्यांची बायको घर नदीच्या कुठल्या काठावर बांधायचं यावरून भांडली. मी कोपऱ्यात उभी राहून इतकी हसले की डोळे पुसावे लागले.

तुझा नकाशा दाराशीच लावलाय. शेजारी एक छोटं चित्र आहे, ते तुझं पत्र आल्यावर काढलं. नदीपलीकडचा तो कोरा तुकडा. त्यात तीन पायांवरच्या दुर्बिणीला डोळा लावून, एक गुडघा जपत, एक माणूस वाकून उभा आहे. हा कोण, असं सगळे विचारतात. मी सांगते, हा माझा दादा. मुलूख माझा, पण तो सापडला याला.

रविवारी वहिनीला घेऊन ये. लोभ आहेच, जिना मात्र माझा हात धरून चढायचा.

तुझी
बबडी