दाराचं रबर

अप्पा, तुमच्या गाडीचं डावीकडचं दार आज एका बोटानं लागलं. बाजारातून आणलेला मागचा दिवा खाचेत बसेना, म्हणून गाडी जुन्या हुबळीत मेस्त्रीकडे नेली होती. त्यानं सहज दार लावून बघितलं, दार जिच्यात अडकतं त्या चौकटीवरच्या कडीचे दोन स्क्रू सैल केले, कडी जराशी बाहेर सरकवली आणि पुन्हा आवळले. चहा निवायच्या आत काम झालं. मी तिथल्याच स्टुलावर बसून रडले. तो बिचारा घाबरला. "काय झालं री अक्का? बरोबर लागलं की दार!"

दार आपटलेलं तुम्हाला कधी खपलं नाही. "हळू लाव की ग, ते काय तुझा वैरी आहे?" हे मी फ्रॉकात असल्यापासून ऐकत आले. तुमच्या आजारपणात त्या दाराचं रबर फाटलं. कंपनीचं मिळेना, गाडीच तेवढी जुनी. मी बाजारातलं आणून बसवून घेतलं. ते जाड निघालं, आपटल्याशिवाय दार लागेना. दर आठवड्याला धारवाडहून हुबळीच्या दवाखान्यात निघायचं. तुम्ही आत बसता, दार हळूच ओढता, ते अर्धवट राहतं. पुन्हा ओढता. मागून बस हॉर्न देत असते आणि मी खेकसते, "अप्पा, जोर लावा की जरा!" तुम्ही स्वतःच्या हाताकडे बघत राहता. "बळ राहिलं नाही बघ हातात," म्हणता. मी तुमच्या अंगावरून वाकून दार आपटते. पुढं तुम्ही रायापूरच्या मित्राकडे बुद्धिबळाला जाणंही सोडलंत. "ज्याला दार लावायला होत नाही, त्यानं कशाला हिंडायचं?" त्यानंतर तुम्ही दवाखान्याशिवाय कुठंच गेला नाहीत.

अप्पा, तुमच्या हाताला काही झालं नव्हतं. रबर बसवणाऱ्यानं मला त्याच दिवशी सांगितलं होतं, "जाड आहे री हे, दार जड जाईल. थांबा, कडी सरकवून देतो." मला कोर्टात पोचायचं होतं. राहू दे, म्हणाले. नंतर तुम्ही हाताला दोष द्यायला लागलात, तेव्हा एकदा तोंड उघडलं असतं तर पुरे होतं. पण चुकीचं रबर आणलं, हे कबूल करण्यापेक्षा तुम्हाला म्हातारं होऊ देणं मला सोपं गेलं.

तुम्हाला जाऊन नऊ वर्षं झाली. हे पत्र मी कपाटात ठेवणार आहे. आणि खरं सांगू? तुम्ही आज समोर असता, तरी मी हे तुम्हाला वाचायला दिलं नसतं.