एकतीस नंबरचा मान

३ मे १९७१, सोमवार
आज आलं: बेसबॉल क्लबचं जाड पाकीट, तिकीट कमी लावलेलं, म्हणून पोस्टमनला सहा सेंट मीच दिले. शिवाय कोबी, कांदे, नोव्हेनाच्या नऊ दिवसांच्या प्रार्थनेसाठी मेणबत्ती: एक डॉलर दोन सेंट.
क्लब सहा वर्षांपूर्वी बफेलो सोडून टेक्सासला गेला, पण माणसं विसरला नाही! हे, म्हणजे झिगमुंट, इथे अकरा वर्षं पिचर होते, चेंडू टाकायचे. हे निवृत्त झाले तेव्हा ह्यांचा ३१ नंबरही निवृत्त केला. पुन्हा कुणी घालायचा नाही. पत्रात लिहिलंय, १२ जूनला ३१ नंबरचा समारंभ आहे, तुमचा जुना शर्ट पाठवावा, जमल्यास यावे. नंबर तिथल्या भिंतीवर लावणार. हायस्कूल पास आहे मी, अर्थ कुणी सांगायला नको.

४ मे
ह्यांना वाचून दाखवलं. म्हणाले, "तिथे मला ओळखतो कोण?" स्वभावच संकोची.
नणंद यादझिया म्हणाली, "वहिनी, नवऱ्याने टाकलेल्या बाईला सासरहून नाताळचं कार्ड यावं, तसलं हे." हिला कुणाचं बरं बघवत नाही.

९ मे, रविवार
मिस्सानंतर फादरना पत्र दाखवलं. दोनदा वाचून म्हणाले, "ह्यात भिंत कुठे आहे?" फादरनी चष्मा बदलायला हवा.

१५ मे
शर्ट धुऊन, इस्त्री करून रजिस्टरने पाठवला. हे म्हणत होते, "एकच आहे गं." म्हटलं, इथे कसर खाईल, तिथे काचेत राहील. टपालाची गाडी वळेपर्यंत दारात उभे होते. अभिमान वाटत असणार.

७ जून
प्रवासाचं तिकीट नाही आलं. येईल.

९ जून
नाही आलं. शेवटी क्लबला ट्रंककॉल केला. तिथली मुलगी फार गोड बोलली. म्हणाली, "आले तर आनंदच आहे हो, नाही आले तरी अडत नाही. शर्ट पोचलाय." शर्टाची केवढी कदर!
हे म्हणाले, "चला, सुटलो." गर्दी सोसत नाही ह्यांना. मी नोव्हेना पुन्हा पहिल्यापासून धरला.

१४ जून
पेपरात फोटो. बावीस वर्षांचा एक पोरगा, डेल हॅस्किन्स, नवा पिचर. पाठीवर ३१. हातात आमचा शर्ट. खाली छापलंय: जुन्या शहरातले निवृत्त नंबर क्लबने पुन्हा मोकळे केले; बफेलोच्या जुन्या खेळाडूने आपला शर्ट पाठवून आनंदाने संमती दिली.
संमती मी पाठवली. इस्त्री करून.
ह्यांनी पेपर घडी करून ठेवला. म्हणाले, "पोरगा बरा दिसतो." जेवले नाहीत. यादझिया टोमणा मारेल म्हणून मी वाट पाहत होते. तिने बटाटे सोलायला घेतले.

१६ जून
क्लबला लिहिलं. नक्कल इथे ठेवते:
"महोदय, समारंभ चांगला झाल्याचं वाचलं. मुलाला यश येवो. एकच विचारायचं आहे. ३१ त्याला दिलात, तर आमच्या ह्यांचा नंबर आता कोणता? हे स्वतः विचारणार नाहीत. कुणाला नको असलेला असेल तरी चालेल. उलट टपाली कळवावे."