एक घास मला, एक त्याला

घमापूर, जबलपूर
८ जुलै २०२४

ती. सौ. आईंना,
शि. सा. न. वि. वि.

फोनवर तुम्हाला नीट ऐकू येत नाही आणि मला ओरडून सांगवत नाही, म्हणून लिहिते. मनीषाताईंचा पाय मोडला म्हणून तुम्ही लेकीकडे नागपूरला गेलात आणि इकडे तुमच्या नातवाने जेवण सोडलं. तुमच्या हातची अंबाडीची भाजी मिटक्या मारत खाणारा आपला चौदा महिन्यांचा अक्षत, माझ्या हातची थुंकतो. साखर घातली तर साखर चाटतो, बाकी परत. सदर बाजारातल्या डॉक्टरांनी वजन केलं, अर्धा किलो उतरलंय. तीन आठवड्यांनी पुन्हा बोलावलंय. मला फार भीती वाटते. भाजीत तुम्ही काय घालता, तेवढं कळवा.

तुमच्या आशीर्वादाची वाट पाहणारी,
रुचिरा

नागपूर, १३ जुलै

चि. सौ. रुचिरास अनेक आशीर्वाद.

कण्या, लसूण, तेल. तूही तेच घालतेस. साखर आजपासून बंद.

चूक माझी आहे. लग्न होऊन आलीस तेव्हा मीच सांगितलं होतं, आपल्याकडे सुना सगळ्यांचं झाल्यावर जेवतात. तू आधी त्याला भरवतेस, मग पुरुषांना वाढतेस, आणि तो झोपल्यावर स्वतः बसतेस. आईला ती भाजी खाताना त्यानं कधी पाहिलंच नाही.

आता खरं सांगते, हसू नकोस. तू अकराला धुणं घेऊन गच्चीवर गेलीस की मी त्याला समोर बसवून जेवून घ्यायची. एक घास मला, एक त्याला. नियम मीच मोडला होता, तुला तेवढं सांगितलं नाही.

उद्यापासून त्याला घेऊन तू पहिली बस. आठ-दहा दिवस थुंकेल. जबरदस्ती करू नकोस, तू खात राहा. खाईल. दोन पोरं वाढवलीत मी. ह्यांनी काही विचारलं तर हे पत्र दाखव.

माया आहे, ती ओळखून असावे.
तुझी सासू नर्मदा

जबलपूर, ३० जुलै

ती. सौ. आईंना,
शि. सा. न. वि. वि.

पहिल्याच दिवशी बाबांनी विचारलं, की आज आमच्या आधी काहून? मी पत्र पुढे केलं. वाचून ते स्वतःच वाढून घ्यायला उठले. पळी कुठे असते ते त्यांना आणि तुमच्या लेकाला, आनंदला, दोघांनाही ठाऊक नव्हतं.

अक्षत नऊ दिवस थुंकला. दहाव्या दिवशी त्यानं माझ्या ताटात हात घातला, भाजी खाल्ली, तोंड वाकडं केलं आणि पुन्हा हात घातला. काल वजन तीनशे ग्रॅम वाढलेलं निघालं.

आता स्वतः एक घास खाल्ला की दुसरा तुमच्या रिकाम्या पाटाकडे धरून बसतो. ताई चालू लागल्या की या. तुमचं ताट माझ्या शेजारीच मांडेन.

तुमच्याबरोबर जेवायची वाट पाहणारी,
रुचिरा