पाल शोधायला गेले त्याची हकिगत

लॉरेल कोव्ह, नॉर्थ कॅरोलायना
गुरुवार

ती. वर्लनदादास ओलेटाचा नमस्कार. गुडघा कसा आहे? वहिनीने लावलेला लेप धुऊन टाकला असशीलच (मला कळतं सगळं). इकडे सफरचंदं उतरवून झाली. माझी पाठ सोडली तर तक्रार नाही.

पाठीचं कारण तुझी लेक. त्या पिवळ्या ठिपक्यांचा सलामँडर (मासे धरायला आपण झऱ्याच्या पाली आमिष म्हणून गळाला लावतो, त्यांतलाच एक) महिनाअखेरीपर्यंत त्याच्या जागेवर जिवंत दाखव, नाहीतर तीन वर्षांचा अभ्यास गुंडाळ, असं मार्सीला प्राध्यापकांनी बजावलंय. "पालींत कसली आलीय डॉक्टरकी?" म्हणून तू हात झटकलेस, म्हणून सोमवारपासून मी तिच्याबरोबर रानात. ओंडका उलटायचा, बघायचं आणि होता तस्सा परत ठेवायचा. शेवाळाची बाजूसुद्धा फिरलेली चालत नाही. "आत्या, कुणाचं तरी घर आहे ते," म्हणते. एका घरातून गांधीलमाश्या निघाल्या. मी उतारावरून जी सुटले ती थेट ओढ्यात जाऊन बसले, आणि ही वरून ओरडतेय, "उठू नकोस आत्या! आधी शेजारच्या दगडाखाली बघ!" बघितलं. तपकिरी निघाला. तपकिरी तर पोत्याने निघाले. रोज संध्याकाळी पोर वहीत शून्य लिहिते आणि मक्याचा पाव तसाच ठेवून उठते. मला बघवत नाही रे.

आज माझा चष्मा सापडला (टोपीतच होता) आणि तिच्याकडचं चित्र पहिल्यांदा नीट बघितलं. मग तिला न सांगताच हे पत्र लिहायला बसले.

वहिनीला नमस्कार सांग. लेप परत लाव.

तुझी,
ओलेटा

ता. क. रविवारी तुझ्या ओट्यावर आमिषाच्या बादलीत मी डोकावले होते. आत एक ठिपक्यांचा होता, चष्म्याविना मला ते ठिपके चिखलाचे वाटले; चित्रातलाच तो. गळाला लावला असशील तर गेला बिचारा, पण जिथून आणलास त्या झऱ्यावर मार्सीला ने. आमिषाचा झरा आपल्याकडे कुणी कुणाला सांगत नाही, ठाऊक आहे. बाबांनी जाताना फक्त तुला सांगितला, ते मी चाळीस वर्षं गिळून बसलेय. मला आताही सांगू नकोस. मी मोटारीत डोळे मिटून बसेन.

पुन्हा ता. क. पाकीट चिकटवण्याआधी राहवेना, मार्सीला सांगून टाकलं. तिने ती बादली माझ्याआधीच बघितली होती! "माझ्या बाबांचा झरा आहे तो, आत्या. त्यांनी आपणहून नेलं तरच जायचं," एवढंच म्हणाली, आणि उद्यासाठी बूट वाळत घातले.